भाऊजींनी मारलेला एकच मासा

माझ्या नवऱ्याचा, अजितचा फोन आला तेव्हा मी दुबईहून शारजाला घरी येत होते. म्हणजे ट्रॅफिकमध्ये गाडी उभी होती आणि मी आत बसले होते, रोजच्यासारखी. "नीता, सुहास गेला," अजित म्हणाला. "ड्यूटीवरच पडला. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत खलास." मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि मी काच खाली करून त्या बिचाऱ्या माणसाला मराठीत शिव्या घातल्या. त्याला काय कळणार होतं? मग काच वर केली आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता रुवैसला जावंच लागणार... माझा धाकटा दीर गेला होता, पन्नाशीही न गाठता, आणि मला रस्ता दिसत होता, साडेतीन तासांचा, उजाड, दोन्ही बाजूंनी वाळू. कारण गेलं वर्षभर भाऊजी मला "वहिनी, एकदा जेवायला या ना रुवैसला" म्हणून बोलावत होते आणि मी दर वेळी काहीतरी पुढे करत होते. कधी ऊन, कधी ऑफिसचं ऑडिट, कधी लेकीची, ईशाची परीक्षा. त्या आठवड्यातही मी "बघू, इन्शाल्ला" म्हटलं होतं. इथे राहून आपण हा शब्द नकारासाठी वापरायला फार लवकर शिकतो.

सुहास म्हणजे अजितचा धाकटा भाऊ. रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर, लग्न केलं नाही, कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटा राहायचा आणि महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी आमच्याकडे शारजाला यायचा. वयाने माझ्याएवढाच, पण मी त्यांना भाऊजीच म्हणायची आणि अहो-जाहोच करायची, आणि तेही मला वहिनी. आमचं पटायचं. मी तोंडाची फटकळ आणि ते असे, की डाळीत मीठ जास्त झालं तर भात जास्त घेणार, पण बोलणार नाहीत. "भाऊजी, तुम्ही माणूस आहात की सोफा?" असं मी त्यांना विचारलंय. यावर ते हसले होते आणि "सोफ्याचा तरी उपयोग होतो वहिनी" म्हणाले होते.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मालवणची. वाढले मुंबईत, पण घरात रोज मासळी. सासर पुण्याचं, शुद्ध शाकाहारी. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, आता हिचं कसं होणार. पण खरं सांगायचं तर सासूबाईंनी मला कधीच "खाऊ नकोस" म्हटलं नाही. त्यांनी त्यापेक्षा वाईट केलं, माझं कौतुक केलं. लग्नानंतरचे पहिले काही महिने पुण्यात होते, तेव्हा मी आपणहून मासे खाल्ले नाहीत, नवी नवरी म्हणून. तर आईंनी अख्ख्या आळीत सांगितलं, "आमच्या नीताने हो, आल्या दिवसापासून माशाला हात लावला नाही, कुणी सांगितलंसुद्धा नाही!" झालं. बंदी असती ना, तर मी मोडली असती, माझा स्वभावच तो आहे. कौतुक कसं मोडणार? पुढे दुबईला आलो, शारजात घर घेतलं, आई हजारो मैल लांब, तरी ते कौतुक आमच्या सोबत आलं. अजितही चारचौघांत सांगायचा, "नीताने माझ्यासाठी सोडलं." त्याचा चेहरा असा फुललेला असायचा की मी मान डोलवायची. वीस-बावीस वर्षं डोलवली.

आणि खायची, बाहेर, चोरून. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजांच्या रांगेत एक मल्याळी कॅफेटेरिया आहे, तिथला तळलेला बांगडा... जाऊ दे. गाडीचं सर्व्हिसिंग असलं की मी स्वतः जायची. अजितला वाटायचं, बायको काय कामाची आहे! मी पार्सल घेऊन गाडीत बसायची, मागच्या सीटवर, वर्तमानपत्र पसरून. एकदा अशीच बसले असताना काचेवर टकटक झाली. बघते तर भाऊजी! ते आपल्या गाडीच्या एसीचं काम घेऊन आले होते. माझ्या हातात अर्धा बांगडा, तोंड भरलेलं, बोटं बरबटलेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी काच खाली केली. भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माशाकडे, आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या. मी इथे उभा आहे, कुणी आलं तर सांगतो." आणि खरंच पाठ करून, हाताची घडी घालून उभे राहिले, एखाद्या वॉचमनसारखे! मला इतकं हसू आलं की ठसका लागला. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, ना अजितजवळ, ना माझ्याजवळ.

गंमत अशी की मासे पकडायचा नाद त्यांनाच होता. रुवैसला शेजारच्या क्वार्टरमध्ये एक स्कॉटिश म्हातारा इंजिनिअर होता, त्याने लावलेला. जाताना त्याने आपली काठी भाऊजींनाच देऊन टाकली. साधी गळाची काठी नव्हे ही. लांब, लवचीक, आणि दोरीच्या टोकाला पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती दोरी मागे-पुढे, मागे-पुढे झुलवत ती माशी पाण्यावर अशी अलगद ठेवायची की माशाला वाटावं, खरीच बसली. ट्राउट नावाचा मासा तिला फसतो, आणि तो राहतो थंड, वाहत्या पाण्यात. रुवैसमध्ये कुठलं वाहतं पाणी? तर भाऊजी संध्याकाळी क्वार्टरमागच्या वाळूत उभे राहून दोरी फेकायची प्रॅक्टिस करायचे. गळ काढून टाकून, टोकाला लोकरीचा तुकडा बांधून. वर्षानुवर्षं, वाळूत! सुट्टीत कधी हिमाचलला गेले की खऱ्या नदीवर, आणि तिथे मासा लागला की तो सोडून द्यायचा. मी म्हटलं होतं, "म्हणजे माशी खोटी, भूक खोटी, जेवण नाहीच. ज्याला खायचा नाही त्याला छळता कशाला?" त्यावर ते म्हणाले होते, "त्याच्यासमोर उभं राहिलं ना वहिनी, की डोक्यातला प्लांट बंद होतो."

तीन वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत आम्ही सगळे जॉर्जियाला गेलो. इथल्या लोकांना जॉर्जिया म्हणजे महाबळेश्वर, जो उठतो तो तिकडे. आई तेव्हा व्हिजिटवर आमच्याकडे होत्या, त्याही आल्या, नऊवारी सोडून पहिल्यांदा पंजाबी ड्रेस, त्यावर अजितचं जॅकेट आणि पायात ईशाचे जुने स्पोर्ट्स शूज. भाऊजींनी डोंगरातला एक कॅम्प शोधला होता. लाकडी फळ्यांवर तंबू, मालक एक दाढीवाला म्हातारा, त्याचा एक केसाळ कुत्रा, आणि तंबूंपासून हाकेच्या अंतरावर नदी. त्या नदीचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. पाणी इतकं गार की पाय घातला तर हाडापर्यंत कळ जाते, आणि तळाचा गोटान्‌गोटा दिसतो. भाऊजींना मी असं कधीच पाहिलं नव्हतं. मांडीपर्यंत रबरी पँट चढवून ते पाण्यात उभे होते आणि ती दोरी हवेत अशी झुलत होती की मीसुद्धा गप्प बसले. आमच्या घरात हे मोठंच आश्चर्य.

सकाळभर त्यांनी तीन मासे पकडले आणि तिन्ही सोडले. आई काठावर फोल्डिंगच्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या. "अरे, त्याचं तोंड फाटलं असेल रे," म्हणून कळवळल्या. भाऊजींनी त्यांना गळ दाखवला, तोंडात रुतू नये म्हणून उलटा काटा घासून काढलेला. मासा हातात घेण्याआधी हात पाण्यात भिजवतात, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो, हे सांगितलं. मग ओंजळीत मासा धरून, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून थांबायचे, त्याला दम येईपर्यंत, आणि तो आपणहून सुळकन जायचा. आईंनी लगेच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. "बघा हो, माझा सुहास पकडतो, पण सोडून देतो!" ईशा तेव्हा चौदाची, काकावर जीव. "काका, यू आर लाइक अ डॉक्टर फॉर फिश," म्हणाली. सगळे खूश.

जेवण झाल्यावर अजित, आई आणि ईशा वरचं जुनं चर्च बघायला गेले. मी माझे गुडघे पुढे केले आणि नदीवर बसले. भाऊजी पुन्हा पाण्यात. आणि मग तो लागला. हातभर लांब, पाठीवर काळे ठिपके, कुशीला लाल ठिपके, ऊन पडून नुसता लखलखत होता. भाऊजींनी हात भिजवून त्याला उचलला, मला दाखवायला काठाशी आणला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं हो! "अगं बाई, काय ताजा आहे! ह्याला नुसतं हळद-मीठ लावून तव्यावर टाकला ना..." आणि मी आवंढा गिळला. त्यांना दिसला तो.

भाऊजी तसेच उभे राहिले. मासा त्यांच्या हातात तोंड उघडत-मिटत होता. मला वाटलं, आता सोडतील. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, शेवटचा ताजा मासा कधी खाल्लात? घरी केलेला?" मी म्हटलं, "माझी आई होती तोवर." ते काठावर आले, एक गोटा उचलला आणि त्याच्या डोक्यावर मारला. एकदाच, पण तो घाव घालताना त्यांनी डोळे मिटले होते. मी "अहो भाऊजी!" म्हणून ओरडले, पण खोटं कशाला सांगू, आनंदाने ओरडले. मी साफ करायला हात पुढे केला तर म्हणाले, "तुम्ही नका हात लावू, वास राहील. मालकाला विचारतो, तो सांगेल तसं मी करतो. ते लोक यायच्या आत तुमचं खाऊन होईल." आणि आयुष्यात कांदा चिरतानाही सुरी तिरकी धरणारा तो माणूस मासा साफ करायला मालकाच्या स्वयंपाकघरात गेला.

आईंचे पाय दुखले म्हणून ती तिघं अर्ध्या वाटेवरून परतली. ती तंबूशी पोहोचली आणि त्याच वेळी भाऊजी समोरून आले, हातात ताट, ताटात तळलेला अख्खा मासा. एका बाजूने करपलेला, शेपटी तुटलेली, पण वास... वास थेट माझ्या आईच्या चुलीवरचा. "हे काय रे?" आईंनी विचारलं. "मारलास तू? कुणासाठी?" भाऊजी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. खाली ताटाकडे बघत उभे होते, म्हणजे मला काय बोलायचं ते बोलता यावं. त्यांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं. आणि मी हसले. मोठ्याने हसले आणि म्हणाले, "अहो भाऊजी, कमाल करता! मी कधीच सोडलंय ना, विसरलात काय? आता कोण खाणार हे?"

आई म्हणाल्या, "उगाच एक जीव घेतलास रे." ईशा रडवेली झाली. "बट यू ऑलवेज लेट देम गो, काका. यू प्रॉमिस्ड." भाऊजी तिला म्हणाले, "सॉरी बेटा, चुकलो." एवढंच. मालकाने ताट त्या केसाळ कुत्र्यापुढे ठेवलं, आणि त्याने दोन घासांत संपवलं. मी बघत होते. त्याला काट्यांचंही काही वाटलं नाही. पुढचे दोन दिवस ईशा काकाशी धड बोलली नाही, आणि काठी त्यांनी पिशवीत घातली ती पुन्हा आमच्यासमोर काढली नाही. माझ्याशी मात्र तसेच वागले, किंबहुना जास्तच मायेने. ते मला अजिबात सहन व्हायचं नाही. मला वाटतं, त्यामुळेच मी रुवैसला जायचं टाळत होते.

इतकं होऊनही मला सावरून घेता आलं असतं, निदान ते गेल्यावर तरी. पण ऐका पुढे. आम्ही त्यांना पुण्याला नेलं. दिवस सुरू होते, गुरुजी बसले होते, आणि आई एकदम म्हणाल्या, "गुरुजी, माझा मुलगा फार सात्त्विक होता हो. पण एकदा त्याच्या हातून एक मासा मारला गेला. विनाकारण. त्याचं काही त्याला लागू नये, असं काही करता येईल का?" गुरुजी म्हणाले, "करू ना आजी, संकल्पात घेऊ." अजितने पाणी सोडलं. पळी-पंचपात्र पुढे सरकवलं मी. ताम्हन मी धरलं. कुणासाठी मारला ते माहीत असलेली जगातली एकटी बाई मी, आणि मी त्या पाण्याकडे बघत बसले, एक शब्द तोंडातून काढला नाही. आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझाही किती लाडका होता गं तो." त्या हाताखाली मला जी लाज वाटली, ती मला कुणाला समजावून सांगता येणार नाही. मी माझ्या पापाचं प्रायश्चित्त मेलेल्या माणसाच्या नावावर घालून हात जोडून बसले होते.

परत आल्यावर रुवैसची क्वार्टर रिकामी करून द्यायची होती. अजित, ईशा आणि मी, तिघं गेलो. रस्ता अगदी मी कल्पना केली होती तसाच. दार उघडलं, पंखा लावला, आणि कपाटं आवरायला सुरुवात करतोय तोवर शेजारचे जोसेफ आले. भाऊजींच्याच प्लांटमधले, केरळचे, जाडजूड, डोळे पाणावलेले. त्यांनी अजितचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळले. "आप ही भाभी हैं? मछली वाली भाभी?"

अजित म्हणाला, "मछली वाली मतलब?" आणि जोसेफ सांगत सुटले. की सुहाससाब खुद तो खाते नहीं, पण जवळपास दर सुट्टीला इथे सुरमई आणून रांधायचे. आधी जोसेफकडून शिकले, मग म्हणाले, हे केरळचं झालं, आमच्या वहिनींकडचं वेगळं. मग कुठून कुठून व्हिडिओ बघून, तिरफळं मागवून, कोकम मागवून... "मैं चखता था. हर बार पूछते, जोसेफ, ये मालवणी लगता है? अरे, मैं क्या जानूँ मालवणी! बोलते थे, भाभी आएगी तो एकदम सही होना चाहिए, एक बार खराब कर दिया था." एक बार खराब कर दिया था... करपला होता ना तो, एका बाजूने. मी तो खाल्ला नाही, याचाही ठपका त्यांनी त्या करपण्यावर, म्हणजे स्वतःवरच घेतला होता.

अजित माझ्याकडे बघत होता. ईशा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो. मीच ती." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गॅरेजपासून ते पंचपात्रापर्यंत, हिंदी-मराठी मिसळून, जोसेफ यांच्यासमोरच. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. अजित खुर्चीत बसला. "मी कधी नको म्हटलं होतं तुला?" त्याने विचारलं. "नाही म्हटलंस," मी म्हटलं. "तेच तर." ईशा आता सतरा वर्षांची आहे. ती अगदी हळू म्हणाली, "सो ही किल्ड इट फॉर यू. अँड यू लाफ्ड. आय रिमेंबर यू लाफिंग, मम्मा." बरोबरच होतं तिचं.

जोसेफ आपल्या घरी गेले आणि एक डबा घेऊन आले. ड्यूटीवर पडले त्याच्या आदल्या दिवशी भाऊजींनी केलेलं कालवण होतं, जोसेफ यांनी फ्रीझरमध्ये ठेवून दिलेलं. टाकायला हात धजला नाही म्हणाले. अजित उठला. जन्मात ज्याने अंड्याचं भांडं उचललं नाही, त्याने तो डबा हातात घेतला, भावाच्या स्वयंपाकघरात जाऊन गरम केला आणि भातावर वाढून माझ्यासमोर ठेवला. मी जमिनीवर बसून हाताने खाल्लं. नवऱ्यासमोर, मुलीसमोर, कसलाही आडोसा न करता. तिरफळ जास्त होतं. मीठ कमी होतं, चाखणारे जोसेफ ब्लडप्रेशरवाले, दुसरं काय होणार? मी वरून घेतलं नाही.

हात धुवून मी आईंना फोन लावला. अजित म्हणाला, "नको गं, तिला आत्ता झेपणार नाही." पण मला झेपत नव्हतं. मी म्हटलं, "आई, तो जॉर्जियातला मासा भाऊजींनी विनाकारण मारला नव्हता. माझ्यासाठी मारला होता. मी मागितला होता. मी सगळी वर्षं खातेय, आई, तुमच्यापासून चोरून." पुण्याच्या घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मी म्हटलं, बोला, काय हवं ते बोला, शिव्या द्या. मग त्यांचा आवाज आला, आणि तो रागाचा नव्हता, तो नुसता मुलगा गेलेल्या बाईचा होता.

"मग तू तो खाल्लास का नाही गं, नीता?"